शून्य एरर, सतराशे साठ वॉर्निंग

सी या संगणकभाषेत लिहिलेला मजकूर प्रत्यक्ष चालू लागण्यापूर्वी दोन टप्प्यांतून जातो. पहिल्या टप्प्यावर कंपायलर असतो, जो माणसाने लिहिलेला मजकूर वाचून त्याचे यंत्राला कळेल अशा सूचनांत रूपांतर करतो. दुसऱ्या टप्प्यावर लिंकर असतो, जो अशा रूपांतरित तुकड्यांना आणि बाहेरून उसने घेतलेल्या भागांना एकमेकांशी जोडून चालवण्याजोगी एकच फाइल तयार करतो. या दोघांच्या तक्रारींचे वर्गीकरण तीन प्रकारांत करता येते. एरर म्हणजे अशी चूक, की जी दुरुस्त होईपर्यंत काम जागचे हलत नाही. वॉर्निंग म्हणजे असा इशारा, की जो देऊनही कंपायलर काम पूर्ण करून देतो, मात्र पुढे जे घडेल त्याची जबाबदारी घेत नाही. आणि लिंकर एरर म्हणजे कंपायलरने मान्य केलेला प्रोग्रॅम अगदी शेवटच्या पायरीवर अडणे. प्रोग्रॅमर मंडळींच्या वर्तनाचे निरीक्षण केले असता असे आढळते की पहिल्या प्रकाराशी ती भांडतात, तिसऱ्या प्रकाराला घाबरतात आणि दुसरा प्रकार त्यांना दिसतच नाही.

हे विधान अतिशयोक्त वाटण्याचा संभव असला, तरी त्यास महाराष्ट्रातील अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या संगणक प्रयोगशाळांत भरपूर पुरावा उपलब्ध आहे. बोरलँड या अमेरिकी कंपनीने १९८७ मध्ये बाजारात आणलेला टर्बो सी, आणि त्याच्या मागोमाग आलेला टर्बो सी प्लस प्लस, यांच्या निळ्या पडद्यावर येथील अनेक पिढ्यांनी सी भाषेची धुळाक्षरे गिरवली. ज्या डॉस प्रणालीसाठी तो कंपायलर बनला होता ती प्रणाली कालवश झाल्यानंतरही डॉसबॉक्स नावाच्या प्रोग्रॅममध्ये तिचा आभास निर्माण करून त्या निळ्या पडद्याला जिवंत ठेवण्यात आले. प्रोग्रॅम कंपाइल केला की त्या पडद्याच्या मध्यभागी एक चौकट येई, तिच्यात किती ओळी वाचल्या, किती वॉर्निंग निघाल्या आणि किती एरर सापडले यांचे आकडे असत, आणि खाली कोणतीही कळ दाबावी अशी सूचना लुकलुकत असे. विद्यार्थ्याचे बोट त्या कळीवर चौकट येण्यापूर्वीच ठेवलेले असे. त्यानंतर सरांशी होणारा संवाद ठरलेला होता.

“सर, झाला प्रोग्रॅम.”

“सहा वॉर्निंग दिसतायत की.”

“पण एरर शून्य आहे, सर.”

या युक्तिवादापुढे बहुतेक सर हात टेकत, कारण त्यांच्यापुढे आणखी एकोणीस संगणकांची रांग असे आणि त्यांतल्या निम्म्यांवर एररही शून्य नसे. एररचे वॉर्निंगमध्ये रूपांतर करण्याचीही एक सर्वमान्य पद्धत होती. टर्बो सी प्लस प्लसमध्ये नवी फाइल आपोआप सीपीपी या आडनावाने जन्माला येई, आणि सी प्लस प्लस ही सीची धाकटी पण कडक स्वभावाची भाषा असल्यामुळे, एखाद्या फंक्शनची, म्हणजे ठरावीक काम करणाऱ्या तुकड्याची, आगाऊ ओळख करून दिली नसेल तर ती सरळ एरर देई. जाणकार विद्यार्थी अशा वेळी हेडर फाइल, म्हणजे उसन्या फंक्शनांची ओळख करून देणारी फाइल, जोडण्याच्या फंदात न पडता प्रोग्रॅमचे आडनाव बदलून नुसते सी करत असत. दोष जागच्या जागी राही, परंतु तो वॉर्निंगच्या रकान्यात गेल्यामुळे पुढील काळजीचे कारण उरत नसे.

हेडर फाइलच्या संदर्भात आणखी एका प्रकाराची नोंद करणे आवश्यक आहे. वाचणे आणि लिहिणे या साध्या कामांसाठी एसटीडीआयओ डॉट एच ही फाइल लागते, तिच्या नावात स्वर मोजकेच असल्यामुळे तिचा उच्चार सर्वत्र ‘स्टुडिओ’ असा केला जातो, आणि पहिल्या सत्रातील किमान एक विद्यार्थी ती तशीच टंकतो. कंपायलर स्टुडिओ डॉट एच नावाची फाइल उघडता येत नाही असे नम्रपणे कळवतो. विद्यार्थी उठून प्रयोगशाळेतील काकांकडे जातो आणि सांगतो, “काका, या मशीनमध्ये स्टुडिओ इन्स्टॉल नाहीये.” काकांना अशा तक्रारींची सवय असल्यामुळे ते त्याला शेजारच्या संगणकावर बसवतात. तेथेही स्टुडिओ नसतो.

कंपायलरच्या बाबतीत ज्येष्ठ अभ्यासक पहिला उपदेश करतात तो असा की त्याने दाखवलेला ओळीचा क्रमांक हा चूक घडल्याचे ठिकाण नसून चूक लक्षात आल्याचे ठिकाण असते. बाराव्या ओळीच्या शेवटी सेमीकोलन, म्हणजे विधान संपल्याची खूण, राहून गेला, तर वाक्य संपलेच नाही असे समजून कंपायलर पुढे वाचत राहतो आणि तेराव्या ओळीवर अडखळतो. जुने कंपायलर या अपघाताचा पंचनामा तेराव्या ओळीच्या नावावर करत. निष्पाप तेरावी ओळ मग अर्धा तास निरखली जाई, खोडली जाई, पुन्हा लिहिली जाई, आणि एरर जात नाही म्हटल्यावर तिच्या शेवटी आणखी एक सेमीकोलन लावला जाई. दुसरा उपदेश असा की अनेक एरर आले असता पहिलाच वाचावा, कारण एखादा महिरपी कंस निसटला की बाकीचे त्याच्यामागून ओळीने येतात. परंतु टर्मिनलच्या काळ्या खिडकीत मजकूर वर सरकत जातो, पहिला एरर दृष्टीआड होतो, शेवटचा डोळ्यांसमोर राहतो, आणि दिसते त्यावर उपचार करणे हा मनुष्यस्वभाव असल्याने दुरुस्तीला शेपटीकडून आरंभ होतो.

वॉर्निंगचा इतिहास पाहिला तर तिची उपेक्षा जन्मापासूनच ठरलेली होती असे म्हणावे लागते. डेनिस रिची यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७२ च्या सुमारास सी भाषा घडवली ती प्रोग्रॅमरला आपण काय करत आहोत हे कळते या गृहीतकावर, आणि एवढे उदार गृहीतक संगणकशास्त्रात दुसरे सापडणे कठीण आहे. काही वर्षांतच त्या गृहीतकाला तडे गेले असावेत, कारण १९७८ मध्ये त्याच प्रयोगशाळेतील स्टीफन जॉन्सन यांनी लिंट नावाचा स्वतंत्र प्रोग्रॅम लिहिला, जो काहीही तयार करत नसे आणि फक्त दुसऱ्याच्या लेखनातील संशयास्पद जागा दाखवत असे. अडचण एवढीच होती की त्याला आपण होऊन बोलवावे लागे, आणि आपल्या चुका काढण्यासाठी कोणाला मुद्दाम आमंत्रण धाडणारी माणसे कोणत्याही समाजात कमीच असतात. पुढे कंपायलरांनी हे काम स्वतःकडे घेतले, आणि न बोलावताही चुका दिसू लागल्या.

न बोलावता, हे म्हणणे सर्वस्वी बरोबर नाही. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जीसीसी या कंपायलरमध्ये वॉर्निंग मागण्यासाठी ‘ऑल’ हा पर्याय आहे, आणि तो लावला असता सर्व वॉर्निंग मिळत नाहीत. उरलेल्यांसाठी ‘एक्स्ट्रा’ हा पर्याय निराळा आहे, आणि तो लावला तरीही सर्व मिळत नाहीत. सरकारी परिपत्रकांचा अनुभव असलेल्या वाचकास ‘सर्व’ या शब्दाची ही व्याख्या नवी वाटणार नाही. तरीही एखादा उत्साही नवशिक्या कार्यालयातील जुन्या प्रोग्रॅमवर ‘ऑल’ लावून पाहतोच, आणि त्यानंतर पडद्यावरून जे वाहू लागते ते थांबेपर्यंत चहा पिऊन येता येते.

“किती वॉर्निंग आल्या?” वरिष्ठ विचारतात.

“मोजता नाही आल्या, सर. अजून येतायत.”

“मग तो ऑप्शन काढ. उगाच क्लायंटने बघितलं तर घाबरेल.”

वॉर्निंग घालवण्याचे दोन मार्ग आहेत, एक म्हणजे ती ज्या कारणाने आली ते कारण दूर करणे आणि दुसरा म्हणजे कंपायलरला गप्प करणे. पहिल्या मार्गावर गर्दी नसते. दुसऱ्या मार्गाची साधने मात्र कंपायलरनेच मोठ्या विश्वासाने पुरवलेली आहेत. उदाहरणार्थ, सी भाषेत एक बरोबरचिन्ह म्हणजे ‘ही किंमत घाल’ आणि दोन बरोबरचिन्हे म्हणजे ‘या किमती सारख्या आहेत का’ असा अर्थ होतो. अट लिहिताना दोनाऐवजी एकच चिन्ह पडले तर प्रोग्रॅम प्रश्न विचारण्याऐवजी उत्तर बदलून टाकतो. कंपायलरला हे संशयास्पद वाटते, आणि खरोखरच किंमत घालायची असेल तर भोवती आणखी एक कंस घालावा असे तो सुचवतो. प्रोग्रॅमर या सूचनेतला ‘कंस’ एवढाच शब्द वाचतो, कंस घालतो, आणि कंपायलर समाधान पावतो. २००३ साली लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्याच्या एका प्रतीत कोणा अज्ञात व्यक्तीने हेच तंत्र जाणूनबुजून वापरले होते. वापरकर्त्याचा क्रमांक शून्य आहे का असे विचारत असल्याचा देखावा करणारी ती ओळ प्रत्यक्षात तो क्रमांक शून्य करत होती, आणि शून्य क्रमांकाच्या वापरकर्त्याला संगणकावर सर्वाधिकार असतात. ओळीत कंस होते, त्यामुळे कंपायलरने काही हरकत घेतली नसती. दोन ठिकाणच्या प्रती जुळत नाहीत असे लक्षात आल्यामुळे लबाडी उघडकीस आली.

वाईट हेतू नसतानाही मौन किती महाग पडू शकते याचे उदाहरण डेबियन या लिनक्सच्या प्रसिद्ध आवृत्तीचे आहे. गुप्त किल्ल्या तयार करणाऱ्या ओपनएसएसएल या लायब्ररीत, म्हणजे तयार फंक्शनांच्या संग्रहात, व्हॅलग्राइंड हे स्मृती तपासणारे साधन वारंवार इशारे देत होते, आणि २००६ मध्ये त्या इशाऱ्यांना कारण ठरलेल्या दोन ओळी निष्क्रिय करण्यात आल्या. इशारे थांबले. त्यांबरोबर किल्ल्यांमधील यादृच्छिकताही थांबली, कारण ती मुख्यतः त्यांतल्याच एका ओळीतून येत होती. उरला तो केवळ प्रक्रियेचा क्रमांक, जो फार तर ३२,७६८ प्रकारचा असू शकत होता. जवळजवळ दोन वर्षे जगभरचे संगणक हाताच्या नव्हे तरी वहीच्या पानांवर मोजता येतील एवढ्या किल्ल्यांनी कुलूपबंद राहिले, आणि मे २००८ मध्ये ही गोष्ट जाहीर झाली. त्या काळात इशारा मात्र एकही आला नाही.

कंपायलरने गप्प न बसता बोलत राहायचे ठरवले तरी परिस्थितीत फरक पडत नाही, याचा पुरावा अधिकच विस्मयकारक आहे. जुन्या नियमानुसार एखादे फंक्शन ओळख न देता वापरले, तर ते पूर्णांक परत करते असे कंपायलर मनाशी धरून चालत असे. वर्गमूळ काढणाऱ्या फंक्शनची हेडर फाइल विसरली की जुना कंपायलर फार तर एक वॉर्निंग देई, आणि पंचविसाचे वर्गमूळ म्हणून जो आकडा बाहेर पडे त्याचे पाचाशी काही नाते नसे.

“पंचवीसचं वर्गमूळ किती रे?” तोंडी परीक्षेत एक्स्टर्नल परीक्षक विचारत.

“पाच, सर. पण इथे वेगळं येतंय.”

“का?”

“मशीन जुनं आहे, सर.”

हा जुना नियम सी भाषेच्या १९९९ च्या अधिकृत मानकात रद्द झाला. तथापि कंपायलर बनवणाऱ्यांना माणसे ठाऊक होती, त्यामुळे त्यांनी प्रोग्रॅम न अडवता वॉर्निंग देत राहण्याचे धोरण ठेवले, आणि जीसीसीच्या चौदाव्या आवृत्तीत, म्हणजे २०२४ मध्ये, असा वापर अखेर एरर ठरला. वर्षानुवर्षे तोच इशारा मिळत होता. तरीही ती आवृत्ती आली तेव्हा कितीतरी जुने प्रोग्रॅम अडले, आणि आगाऊ सूचना न देता नियम बदलल्याबद्दल प्रोग्रॅमर मंडळींनी मनापासून नाराजी व्यक्त केली.

लिंकरचा स्वभाव याहून अगदी निराळा आहे. त्याचे काम कंपायलरइतकेच जुने आहे. ग्रेस हॉपर यांनी १९५२ च्या सुमारास युनिव्हॅक संगणकासाठी केलेल्या ‘ए-शून्य’ या प्रणालीस कंपायलर म्हटले जात असले, तरी ती मुख्यतः तयार उपक्रिया गोळा करून जोडण्याचे, म्हणजे आज लिंकर करतो ते, काम करत होती. त्याचे आणि कंपायलरचे नाते समजण्यासाठी लग्नाच्या याद्या आठवाव्यात. लग्नापूर्वी वडीलधारी मंडळी बसून कोणी काय आणायचे ते कागदावर उतरवतात. हेडर फाइल ही तशी यादी असते, आणि कंपायलर ती वाचून खूश होऊन उठतो. लिंकर ऐन मांडवात उभा राहतो आणि यादीतली एकेक वस्तू मागतो, आणि ‘कागदावर लिहिली आहे की’ या उत्तराने त्याचे समाधान होत नाही. पैठणी कोठे आहे, एवढेच तो विचारतो. त्याला ओळींशी देणेघेणे नसल्यामुळे बहुधा ओळीचा क्रमांकही तो सांगत नाही, आणि क्रमांक नसलेल्या एररपुढे प्रोग्रॅमर संपूर्णपणे हतबल होतो.

या हतबलतेचे अभिजात उदाहरण ‘मेन’ हे आहे. प्रोग्रॅमचा आरंभ ज्या फंक्शनपासून होतो त्याचे नाव मेन असलेच पाहिजे, आणि घाईत त्यातली मधली दोन अक्षरे उलटसुलट पडणे हा टंकनदोष सनातन आहे. कंपायलरचा आक्षेप नसतो, कारण फंक्शनला कोणतेही नाव ठेवण्याची मुभा आहे. लिंकर मात्र मेन सापडत नाही असे कळवतो. विद्यार्थी पडद्याकडे पाहतो. त्याला मेन स्पष्ट दिसत असते. तो शेजाऱ्याला बोलावतो, शेजाऱ्यालाही दिसते. पूर्ण बाक जमा होतो, आणि सर्वानुमते लिंकर बिघडला आहे असा निष्कर्ष निघतो. शेवटी दुसऱ्या बॅचमधली एखादी मुलगी येऊन एकेक अक्षर मोठ्याने वाचते आणि विचारते, “हा मियान कोण आहे?”

लिनक्सवर आल्यावर गणिती फंक्शने वेगळ्या लायब्ररीत राहतात आणि ती जोडण्याची आज्ञा कंपाइल करताना स्वतंत्रपणे द्यावी लागते. यातली मौज अशी की प्रोग्रॅममध्ये पंचवीस हा आकडा थेट लिहून त्याचे वर्गमूळ मागितले, तर जीसीसी ते स्वतःच काढून ठेवतो आणि लायब्ररीची गरज पडत नाही. तोच आकडा वापरकर्त्याला विचारून घेतला की लिंकर अडतो. त्यामुळे “कालपर्यंत चालत होतं, मी काही केलं नाही” हे सनातन विधान येथे जवळजवळ खरे ठरते. आज्ञा दिली तरी ती प्रोग्रॅमच्या नावानंतर द्यावी लागते, कारण लिंकर डावीकडून उजवीकडे वाचत जातो आणि अनेक यंत्रणांवर, अजून कोणी न मागितलेली लायब्ररी पाहून पुढे निघून जातो. या साऱ्यानंतर शेवटची ओळ येते ती ‘एलडी रिटर्न्ड वन एक्झिट स्टेटस’ अशी. तिचा अर्थ लिंकरने काम पूर्ण केले नाही एवढाच असतो, का नाही ते तिच्या वरच्या ओळीत लिहिलेले असते, आणि इंटरनेटवर शोध घेतला जातो तो याच शेवटच्या ओळीचा.

असा हा अबोल लिंकर एकाच बाबतीत उपदेश करताना आढळतो. गेट्स नावाचे फंक्शन वापरकर्त्याने टंकलेला मजकूर, जागा किती आहे याचा विचार न करता, स्मृतीत ओतत राहते. २ नोव्हेंबर १९८८ रोजी पसरलेल्या मॉरिस वर्म या आपोआप फैलावणाऱ्या प्रोग्रॅमने संगणकांत शिरण्यासाठी जे मार्ग वापरले त्यांत याच फंक्शनच्या ढिलाईचा एक होता, आणि २०११ च्या मानकातून ते काढूनच टाकण्यात आले. लिनक्सवर ते जोडताना लिंकर, हे फंक्शन धोकादायक असून वापरू नये, असे आपणहून सांगतो. तो फक्त वॉर्निंग देतो, हे लक्षात येताच महाविद्यालयीन प्रोग्रॅममध्ये ते पुढेही सुखाने नांदत राहिले.

याउलट ज्या उपायाने एकदा एरर गेला, त्या उपायाला मरण नसते. टर्बो सीमध्ये जागा वाचवण्यासाठी अपूर्णांक वाचण्याची सोय गरज दिसली तरच जोडली जाई, आणि स्ट्रक्चरमधला, म्हणजे अनेक प्रकारची माहिती एकत्र बांधणाऱ्या रचनेतला, अपूर्णांक वाचायचा असेल तर ती गरज कधीकधी कंपायलरच्या नजरेतून सुटे; मग चालता प्रोग्रॅम ‘फ्लोटिंग पॉइंट फॉर्मॅट्स नॉट लिंक्ड’ असे म्हणून प्राण सोडी. नागपूरचे यशवंत कानेटकर यांच्या ‘लेट अस सी’ या पुस्तकात यावर लिंकफ्लोट नावाचे छोटे फंक्शन दिलेले आहे. ते कोणी कधी हाक मारून बोलावत नाही आणि ते काही करतही नाही. त्याच्या अस्तित्वामुळे अपूर्णांकाचा उपयोग होत असल्याचे कंपायलरला कळते, एवढेच. ते राज्यभरच्या जर्नलांत उतरवले गेले, तेथून पुढच्या वर्षीच्या जर्नलांत गेले, आणि जीसीसीसाठी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्येही आले, जेथे त्या दुखण्याचे नावही नाही. जुन्या पद्धतीने, काय परत करायचे ते न लिहिता उतरवलेले लिंकफ्लोट नव्या जीसीसीमध्ये स्वतःच एरर देते. विद्यार्थी त्याच्याआधी ‘व्हॉइड’ हा शब्द लावतो आणि पुढे जातो.

“हे लिंकफ्लोट कशासाठी आहे?” एक्स्टर्नल विचारतात.

“आधीपासून आहे, सर.”

“काढून पाहिलंस?”

“नाही, सर. चालतंय ना.”

एक्स्टर्नल यावर पुढचा प्रश्न विचारत नाहीत, कारण त्यांच्या स्वतःच्या प्रोग्रॅममधूनही त्यांनी ते अजून काढलेले नाही.